कर्नेलचा उंबरठा

कंपाइल झालेला प्रोग्राम स्वतःच्या बळावर फार थोड्या गोष्टी करू शकतो. बेरीज-वजाबाकी, दोन आकड्यांची तुलना, एका सूचनेवरून दुसरीकडे उडी आणि आपल्या वाट्याला आलेल्या मेमरीत वाचणे-लिहिणे, एवढेच. पडद्यावर एक अक्षर उमटवायचे असो, फाइल उघडायची असो, घटकाभर झोपायचे असो किंवा नुसते संपायचे असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, तशी मागणी करावी लागते. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्सवर असे साडेतीनशेहून अधिक कॉल आहेत. ब्राउझर असो की बँकेचे अ‍ॅप, बाहेरच्या जगाशी त्याचा जो काही व्यवहार होतो, त्याची सुरुवात यांतल्याच एखाद्या कॉलने झालेली असते.

हा निर्बंध प्रोसेसरमध्येच कोरलेला असतो. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत, ० ते ३. त्यांना रिंग म्हणतात. या क्षणी कोणती पायरी चालू आहे, हे सीएस नावाच्या रजिस्टरमधल्या शेवटच्या दोन बिटांवरून कळते. (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेला कप्पा, आकडेमोड चालते ती मुख्यतः या कप्प्यांतच.) कर्नेल शून्याच्या पायरीवर चालते आणि बाकीचे सगळे प्रोग्राम तिसऱ्या. मधल्या दोन पायऱ्या लिनक्सने आणि विंडोजने जवळजवळ वापरल्याच नाहीत. तिसऱ्या पायरीवरून दिलेल्या काही सूचना प्रोसेसर ऐकतच नाही. ‘एचएलटी’ ही प्रोसेसरला थांबवून ठेवणारी सूचना त्यांपैकीच. साध्या प्रोग्रामने ती चालवायला घेतली, की प्रोसेसर काम तिथेच तोडतो, ताबा कर्नेलकडे देतो आणि कर्नेल सहसा त्या प्रोग्रामला संपवून टाकते. मेमरीच्या पानांवरही अशाच खुणा असतात. कर्नेलचा कोड आणि त्याच्या नोंदी ज्या पानांवर असतात, ती तिसऱ्या पायरीला बंद. त्यामुळे एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला बोलावते, तसे कर्नेलमधल्या फंक्शनला थेट बोलावता येत नाही.

मग आत जायचे कसे? आत जाण्यासाठी अधिकार वाढायला हवेत. पण नुसते अधिकार वाढवणारी सूचना कोणाही प्रोग्रामच्या हाती दिली, तर पायऱ्यांना काही अर्थच उरणार नाही. यावरचा तोडगा साधा आहे आणि साठ वर्षांत तो मुळातून बदललेला नाही. एकाच सूचनेत दोन गोष्टी एकदम घडवायच्या: अधिकार वाढवायचा आणि त्याच दमात ठरलेल्या जागी उडी मारायची. ती जागा कर्नेलने संगणक सुरू होतानाच प्रोसेसरला सांगून ठेवलेली असते. प्रोग्रामला ती निवडता येत नाही. त्याला फक्त कामाचा क्रमांक सांगता येतो. क्रमांक मागणाऱ्याचा आणि पत्ता देणाऱ्याचा, ही विभागणी एकदा ध्यानात आली की पुढचा सगळा खटाटोप उलगडत जातो.

ही कल्पना १९६०च्या दशकातली. मँचेस्टर विद्यापीठाचा अ‍ॅटलस संगणक १९६२ साली सुरू झाला. त्यात ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या सूचना होत्या. दिसायला त्या साध्या सूचनांसारख्याच, पण प्रत्यक्षात त्या आधीच भरून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामकडे घेऊन जात. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६०मध्ये ‘सुपरवायझर कॉल’ ही खास सूचना आली आणि तिच्या पोटातच आठ बिटांचा क्रमांक असे. साधे प्रोग्राम ज्या अवस्थेत चालत, तिला आयबीएमने ‘प्रॉब्लेम स्टेट’ असे नाव दिले होते. त्यात उपरोध काही नव्हता. गणिते सोडवणाऱ्या प्रोग्रामची अवस्था, एवढाच अर्थ. अधिकारांच्या एकात एक रिंगा ही कल्पना मल्टिक्समधली. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ही ऑपरेटिंग सिस्टिम हाती घेतली होती. बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडल्यावर केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सला सुरुवात केली. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. तिचा दुसरा विभाग सिस्टिम कॉलचा होता, आणि आजही लिनक्सच्या पुस्तिकेत सिस्टिम कॉल दुसऱ्या विभागातच सापडतात. रीड, राइट, ओपन, क्लोज, फोर्क ही नावेही तीच. फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ कॉलच्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर तेव्हा गाळले गेले, ते अजून गाळलेलेच आहे. युनिक्स पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल, असे विचारल्यावर थॉम्पसन यांनी गमतीने तेवढे एक अक्षर घालण्याची तयारी दाखवली होती.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर लिनक्स चालू आहे. सी भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आहे. त्याचे काम एकच: ‘प्रिंटएफ’ वापरून पडद्यावर ‘नमस्कार’ हा शब्द आणि त्यापुढे ओळ बदलण्याची खूण छापायची.

कंपायलरला या प्रोग्राममध्ये सिस्टिम कॉल दिसतच नाही. त्याला दिसते ते ‘प्रिंटएफ’ नावाचे एक फंक्शन, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेले. मजकुरात भरायच्या रिकाम्या जागा नाहीत आणि शेवटी ओळ बदलायची आहे, हे पाहून जीसीसी कंपायलर त्याच्या जागी ‘पुट्स’ हे हलके फंक्शन घालतो. मग यंत्रभाषेत ‘पुट्सकडे उडी मार’ अशी सूचना लिहून, पुट्सचा पत्ता नंतर भरावा अशी चिठ्ठी जोडून तो मोकळा होतो. पत्ता भरायचे काम लिंकर आणि लोडर यांचे. हे पुट्स असते सी लायब्ररीत. डेस्कटॉपवरच्या बहुतेक लिनक्समध्ये ती लायब्ररी जीलिबसी, अँड्रॉइडवर बायोनिक. कर्नेलची भाषा बोलणारी मंडळी राहतात ती इथे. सामान्य प्रोग्रामरला जन्मभर सिस्टिम कॉल हाताने लिहावा लागत नाही, तो या लायब्ररीच्या कृपेने.

पुट्स मजकूर आधी आपल्या मेमरीतल्या एका राखीव जागेत, बफरमध्ये, साठवते. बाहेर पाठवायची वेळ आली की लायब्ररीतलेच ‘राइट’ हे छोटे फंक्शन बोलावले जाते. त्याचे काम जेमतेम चार-पाच सूचनांचे. आरएएक्स रजिस्टरमध्ये कॉलचा क्रमांक टाकायचा. राइटचा क्रमांक १. आरडीआयमध्ये कुठे लिहायचे ते. इथेही १, कारण प्रत्येक प्रोग्रामला सुरुवातीलाच तीन वाटा उघडून मिळतात आणि त्यांपैकी १ क्रमांकाची वाट नेहमीच्या आउटपुटची. आरएसआयमध्ये मजकूर मेमरीत जिथे आहे तो पत्ता आणि आरडीएक्समध्ये त्याची लांबी.

लांबी किती? ‘नमस्कार’ वाचताना चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये मात्र न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र असे सात घटक होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. म्हणजे २१ बाइट, आणि ओळ बदलण्याचा एक, मिळून २२. कर्नेलला अक्षर, जोडाक्षर, मराठी, इंग्रजी यांतले काही कळत नाही. त्याच्या लेखी हे २२ बाइट आहेत, बस्स.

तयारी झाली की राइटमधली ‘सिसकॉल’ ही सूचना चालते. यंत्रभाषेत ती अवघी दोन बाइटांची: ०एफ आणि ०५. हाच उंबरठा. ही सूचना चालताच प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्स रजिस्टरमध्ये ठेवतो, आपल्या स्थितीच्या खुणा आर११मध्ये ठेवतो, पायरी शून्यावर आणतो आणि एलस्टार नावाच्या विशेष रजिस्टरमध्ये कर्नेलने लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारतो. एलस्टारमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त शून्याच्या पायरीला. आरसीएक्स या गडबडीत पुसला जातो, त्यामुळे एक बारीक विसंगती तयार झाली आहे. साध्या फंक्शनला चौथी किंमत आरसीएक्समधून दिली जाते, सिस्टिम कॉलला मात्र ती आर१०मधून द्यावी लागते. असेंब्ली नव्याने शिकणारे इथे हमखास ठेचकाळतात.

तहसील कचेरीतल्या खिडकीची उपमा इथे अनेकांना सुचते: अर्जावर कामाचा क्रमांक टाकायचा, खिडकीतून सरकवायचा, आतला कारकून दप्तर काढून काम करणार, अर्जदाराने दप्तरखान्यात शिरायचे नाही. उपमा बरी आहे, पण एका महत्त्वाच्या जागी ती फसते. आत वेगळा कारकून नसतो. जो प्रोसेसर एका क्षणापूर्वी प्रोग्रामच्या सूचना चालवत होता, तोच आता कर्नेलच्या सूचना चालवतो. अर्जदारच खिडकीतून आत जातो, कारकुनाचा अंगरखा चढवतो, स्वतःचाच अर्ज तपासतो, काम उरकतो आणि अंगरखा उतरवून बाहेर येतो. आत असताना त्याने कुठे पाहायचे आणि काय करायचे हे मात्र पूर्णपणे कचेरीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे, म्हणजे कर्नेलच्या कोडप्रमाणे.

आत पाऊल टाकताक्षणी कर्नेलची परिस्थिती थोडी अवघड असते. सिसकॉल सूचना स्टॅकला हात लावत नाही. स्टॅक म्हणजे तात्पुरत्या नोंदींची चवड. ती अजून प्रोग्रामचीच आहे आणि तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही; प्रोग्रामने स्टॅकचा पत्ता मुद्दाम वेडावाकडा ठेवलेला असू शकतो. म्हणून कर्नेल सुरुवातीलाच ‘स्वॅपजीएस’ ही सूचना चालवते. तिच्यामुळे या प्रोसेसरसाठी राखलेल्या कर्नेलच्या नोंदी हाताशी येतात. त्यांतून कर्नेल स्वतःचा स्टॅक गाठते आणि प्रोग्रामची सगळी रजिस्टरे त्यावर जपून ठेवते. त्यानंतरच ते आरएएक्समधला क्रमांक पाहते, तो मर्यादेत आहे ना हे तपासते आणि त्या क्रमांकाचे फंक्शन चालवते. वर्षानुवर्षे यासाठी फंक्शनच्या पत्त्यांचा एक तक्ता होता. प्रोसेसरच्या अंदाजाने पुढे धावण्याच्या सवयीतून निघालेल्या हल्ल्यांमुळे २०२४ साली त्या उडीची पद्धत बदलली, पण क्रमांक तेच राहिले. अस्तित्वात नसलेला क्रमांक दिला तर ‘असा कॉल नाही’ या अर्थाची ३८ क्रमांकाची चूक परत मिळते.

राइटचे फंक्शन आधी १ क्रमांकाची वाट कुठे जाते ते या प्रोग्रामच्या यादीत पाहते. ती टर्मिनलकडे जात असेल, डिस्कवरच्या फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणाऱ्या पाइपमध्ये. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो, आणि युनिक्सच्या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट कदाचित हीच. मग येते मजकुराच्या पत्त्याची तपासणी. ती का हवी? समजा प्रोग्रामने राइटला स्वतःच्या मजकुराऐवजी कर्नेलच्या मेमरीतला पत्ता दिला. कर्नेल शून्याच्या पायरीवर असल्याने त्याला ती जागा वाचता येते. न तपासता वाचली, तर कर्नेलची गुपिते सरळ पडद्यावर येतील, तीही कर्नेलच्याच हाताने. म्हणून प्रोग्रामकडून आलेला प्रत्येक पत्ता प्रोग्रामच्याच हद्दीतला आहे ना हे पाहून मगच मजकूर आत उचलला जातो. पत्ता चुकीचा निघाला तर चूक क्रमांक १४.

काम झाले की निकाल आरएएक्समध्ये ठेवला जातो. २२ बाइट लिहिले गेले, तर २२. चूक झाली, तर चुकीचा क्रमांक उणे करून. न सापडणारी फाइल उघडायला सांगितली, तर कर्नेल उणे २ परत करते. उणे १ ते उणे ४०९५ ही सगळी जागा चुकांसाठी राखलेली आहे. परत आल्यावर लायब्ररीतले राइट एवढीच एक तुलना करते. आकडा त्या पट्ट्यात पडला तर चुकीचा क्रमांक ‘एररनो’ नावाच्या जागेत ठेवते आणि मूळ प्रोग्रामला उणे १ देते. सी भाषेच्या प्रोग्रामरला दिसणारे उणे १ हे असे लायब्ररीने रंगरंगोटी करून दिलेले उत्तर असते.

परतीच्या वाटेवर कर्नेल आणखी दोन गोष्टी पाहून घेते: या प्रोग्रामसाठी कोणी सिग्नल, म्हणजे मधेच दखल घ्यायला लावणारा निरोप, पाठवला आहे का, आणि आता दुसऱ्या प्रोग्रामची पाळी आली आहे का. मग रजिस्टरे पूर्ववत होतात, ‘सिसरेट’ ही उलटी सूचना चालते आणि प्रोसेसर तिसऱ्या पायरीवर, सिसकॉलच्या पुढच्याच सूचनेवर येऊन उभा राहतो.

प्रत्येक कॉल असा झटपट परततोच असे नाही. कीबोर्डवरून ओळ वाचायला सांगितली आणि समोरचा माणूस जेवायला गेला, तर कर्नेल त्या प्रोग्रामला झोपवते आणि प्रोसेसर दुसऱ्या कोणाला देते. तासाभराने एंटरची कळ दाबली गेली की तो जागा होतो आणि त्याचा रीड कॉल परततो. प्रोग्रामच्या दृष्टीने मधे काहीच घडलेले नसते. फोर्क तर याहून विचित्र. एकदा आत गेलेला हा कॉल दोनदा बाहेर येतो: एकदा मूळ प्रोग्राममध्ये, एकदा त्याच्या नव्याने जन्मलेल्या प्रतीत.

हे सगळे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांच्यासाठी ‘एसट्रेस’ नावाचे साधन आहे. ते दुसऱ्या प्रोग्रामवर पाळत ठेवून त्याचा प्रत्येक सिस्टिम कॉल छापते. नमस्कारचा प्रोग्राम त्यातून चालवला की पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. छापायची एक ओळ, आणि कॉल दोन-तीन डझन. सुरुवातीला एक्झेकव्हीई, याच कॉलमुळे कर्नेलने हा प्रोग्राम मेमरीत चढवला. त्यानंतर सी लायब्ररी शोधणे, ती उघडणे, तिचे तुकडे मेमरीत मांडणे, कोणत्या पानावर लिहिता येईल आणि कोणत्या नाही ते ठरवणे. लग्नघरात मांडवाची तयारी चार दिवस आणि अक्षता पाच मिनिटे, तसा हा प्रकार. खऱ्या कामाचा राइट अगदी शेवटी येतो. त्यातही एसट्रेस देवनागरी अक्षरे न दाखवता त्यांचे बाइट अष्टमान आकड्यांत छापतो. ‘न’च्या जागी दिसतात ३४०, २४४ आणि २५० हे तीन आकडे.

एसट्रेस हाती असला की बफरचे मोलही कळते. नमस्कारची ओळ हजार वेळा छापून पाहावी. आउटपुट टर्मिनलवर जात असेल, तर लायब्ररी प्रत्येक ओळीला राइट करते, म्हणजे हजार सिस्टिम कॉल. तेच आउटपुट फाइलकडे वळवले, की लायब्ररी ४०९६ बाइटांचा बफर भरेपर्यंत थांबते. एकूण २२,००० बाइट सहा कॉलमध्ये उरकतात. यात एक गंमत आहे. ४०९६ला २२ने पूर्ण भाग जात नाही. १८६ ओळी भरल्यावर चार बाइट उरतात. त्यामुळे पहिला राइट १८७व्या ओळीत एक ‘न’ आणि ‘म’चा पहिला बाइट एवढे लिहून थांबतो, ‘म’चे उरलेले दोन बाइट पुढच्या कॉलमध्ये जातात. फाइलमध्ये ते पुन्हा शेजारी बसतात, म्हणून काही बिघडत नाही. पण पाइपच्या किंवा नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला एकेक तुकडा आला तसा वाचून त्याचा मजकूर बनवणाऱ्याने हे ध्यानात घेतले नसेल, तर अक्षराच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. शिवाय बफरमधला मजकूर राइट होण्यापूर्वीच प्रोग्राम कोसळला, तर तो मजकूर गेलाच. छापण्याची सूचना चालली होती आणि तरी फाइल रिकामी का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

लायब्ररी एवढी काटकसर करते, कारण उंबरठा ओलांडणे महाग आहे. साध्या फंक्शनला बोलावून परत यायला आजच्या प्रोसेसरवर एखाद-दोन नॅनोसेकंद लागतात. काहीच काम नसलेल्या सिस्टिम कॉलला शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक. जुन्या पद्धतीत तर ही किंमत आणखी जास्त होती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली इंटेल ३८६साठी लिनक्स लिहिले, तेव्हा सिसकॉल सूचना नव्हती. त्यावेळी ‘इंट’ ही व्यत्यय आणणारी सूचना ८० या षोडशमान आकड्यासह वापरली जाई आणि प्रोसेसरला बरीच जास्तीची कसरत करावी लागे. पुढे इंटेलने पेंटियम २मध्ये ‘सिसएंटर’ आणि एएमडीने के६मध्ये ‘सिसकॉल’ अशा दोन वेगळ्या जलद सूचना आणल्या. ६४ बिटांच्या जगात एएमडीची पद्धत टिकली. जुनी वाट आजही बऱ्याच ठिकाणी उघडी असते, पण तिथले क्रमांक जुने आहेत: राइट ४ आणि एक्झिट १. त्यामुळे नव्या क्रमांकांच्या सवयीने १ लिहून कोणी जुन्या वाटेने गेला, तर मजकूर छापला जाण्याऐवजी प्रोग्राम मुकाट्याने संपतो. एआरएम प्रोसेसरच्या फोनमध्ये सूचना ‘एसव्हीसी’, क्रमांक एक्स८ रजिस्टरमध्ये आणि राइटचा क्रमांक ६४. तपशील असे बदलतात; क्रमांक देऊन ठरल्या दारातून आत जाणे सगळीकडे सारखेच.

जानेवारी २०१८मध्ये उंबरठा एकाएकी उंच झाला. तोवर सोयीसाठी कर्नेलची पाने प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीच्या नकाशात असत, फक्त ‘प्रवेश बंद’ अशा खुणेसह. मेल्टडाउन या दोषामुळे इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर ही खूण असूनही आतला मजकूर आडवाटेने ओळखता येतो, असे तेव्हा जाहीर झाले. उपाय म्हणून प्रोग्रामच्या नकाशातून कर्नेलची जवळजवळ सगळी पाने काढून टाकावी लागली. मग प्रत्येक सिस्टिम कॉलला आत जाताना एक नकाशा, बाहेर येताना दुसरा. वारंवार कॉल करणाऱ्या प्रोग्रामना, विशेषतः डेटाबेसना, ही किंमत चांगलीच जाणवली. नंतरच्या प्रोसेसरमध्ये हा दोष मुळातच दूर केला गेला.

काही मागण्यांसाठी उंबरठा ओलांडण्याचीच गरज पडू नये, अशी सोयही लिनक्समध्ये आहे. किती वाजले हा प्रश्न प्रोग्राम सतत विचारत असतात. त्यासाठी कर्नेल प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत व्हीडीएसओ नावाची एक छोटी लायब्ररी आणि घड्याळाच्या नोंदींचे एक फक्त वाचता येणारे पान ठेवून देते. प्रोग्राम ते पाहून वेळ काढतो. आत जावे लागत नाही, म्हणून असा प्रश्न एसट्रेसला दिसतही नाही. २०१९ साली आलेल्या आयओ-यूरिंगमध्ये प्रोग्राम आणि कर्नेल एका सामायिक वर्तुळाकार रांगेत मागण्या आणि उत्तरे ठेवतात, त्यामुळे ढीगभर मागण्या एका खेपेत उरकतात.

हे क्रमांक बदलत का नाहीत? लिनक्सपुरते उत्तर असे, की टॉरवाल्ड्स ते बदलू देत नाहीत. कर्नेलच्या आत काहीही उलथापालथ होवो, काल चालणारा प्रोग्राम आज अडता कामा नये, हा त्यांचा कडक दंडक आहे. कायद्याच्या बाजूनेही त्यांनी इथेच रेघ ओढली. कर्नेलच्या परवान्यासोबतच्या टिपेत म्हटले आहे, की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नेलच्या सेवा घेणाऱ्या प्रोग्रामना त्या परवान्याच्या अटी चिकटत नाहीत. विंडोज आणि मॅकओएस यांची रीत उलटी. तिथे आश्वासन लायब्ररीपुरते असते, आतले क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात. गो भाषेने मॅकवरही लायब्ररी टाळून थेट सिस्टिम कॉल करायचे ठरवले होते. २०१६ साली मॅकओएस सिएरा आले, त्यात वेळ विचारण्याच्या कॉलची आतली पद्धत बदलली आणि आधी कंपाइल केलेले गो प्रोग्राम बिघडू लागले. अखेर २०१८मध्ये गोने मॅकवर लायब्ररीची वाट धरली. लिनक्सवर मात्र गो प्रोग्राम अजून थेट दार ठोठावतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे पटण्याजोगे आहे, पण वीस वर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्राम बहुधा तसाच चालतो, याचे श्रेय लिनक्सच्या हट्टाला द्यावेच लागते.

सगळा व्यवहार एकाच दारातून होत असल्याने पहाराही तिथेच बसवता येतो. सेककॉम्प ही सोय लिनक्समध्ये २००५ साली आली. सुरुवातीला ती फार कडक होती: आधीच उघडलेल्या वाटांवर वाचणे, लिहिणे, सिग्नलमधून परतणे आणि संपणे, या चारच मागण्या मान्य, पाचवी केली की प्रोग्राम तत्क्षणी ठार. २०१२पासून प्रोग्रामला आपल्या गरजेप्रमाणे चाळणी लिहून देता येते. क्रोम ब्राउझर वेबपानांचा मजकूर हाताळणाऱ्या आपल्या भागाला अशा चाळणीत ठेवतो, प्रोग्राम बंदिस्त कप्प्यांत चालवणारा डॉकर चाळीसहून अधिक कॉल आधीच रोखून ठेवतो, आणि अँड्रॉइडने २०१७च्या आवृत्तीपासून सगळ्या अ‍ॅपना ती लावली. चाळणी एकदा लागली की काढता येत नाही. आयओ-यूरिंगच्या रांगेतून गेलेल्या मागण्या मात्र या चाळणीला दिसत नाहीत. आयओ-यूरिंगमध्ये सापडलेल्या इतर दोषांची त्यात भर पडून, गूगलने २०२३ साली आपल्या अनेक यंत्रणांत त्यावर बंदी किंवा मर्यादा घातली.

नमस्कार छापून झाला. मुख्य फंक्शन संपले, लायब्ररीने बफर रिकामे केले आणि २३१ क्रमांकाचा ‘एक्झिट-ग्रुप’ हा शेवटचा कॉल केला. कर्नेल आता या प्रोग्रामची पाने, वाटा आणि नोंदी काढून घेईल, आणि हा कॉल काही परतणार नाही. तरीही जीलिबसीने त्याच्या सिसकॉल सूचनेच्या पुढे आणखी एक सूचना लिहून ठेवली आहे: एचएलटी, तिसऱ्या पायरीला मनाई असलेली. न जाणो, कर्नेल चुकून परत आलेच, तर या सूचनेवर ठेचकाळून प्रोग्राम तिथेच पडावा, म्हणून.